मेस्त्रींच्या हातचा कॅमेरा

१९८६ च्या उन्हाळ्यात मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात बँकेचा शेती अधिकारी होतो. वय सव्वीस, नोकरीला चार वर्षे झालेली, आणि टेबलावर थकबाकीदारांची यादी. त्या यादीतल्या एका शेतकऱ्याने विहिरीवर बसवायला विजेची मोटर घेतली होती. तीन हप्ते थकले होते. वरून वसुलीचा लकडा होता, म्हणून एके दिवशी जीप, दोन शिपाई आणि गावातले दोन पंच घेऊन मी तारण ठेवलेली मोटर ताब्यात घ्यायला गेलो. शेतकरी घरी नव्हता. त्याची बायको दारात आली. ती रडेल, शिव्या घालील, पाया पडेल, अशा सगळ्या गोष्टींची मनाशी तयारी करून मी गेलो होतो. तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, ऊन फार आहे म्हणून आम्हा पाचही जणांना पाणी दिले आणि मोटर जीपमध्ये चढेपर्यंत ती उंबऱ्याशी नुसती उभी राहिली.

पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो. तो प्रसंग तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा फाडला. प्रत्येक वेळी ती बाई माझ्या कागदावर रडायचीच. तिला न रडू देता तिचे दुःख कसे दाखवायचे, हे मला जमत नव्हते.

हे मी बाबूराव पेंटरांविषयी लिहायला बसलो असताना का सांगतो आहे, याचे कारण त्याच शाखेतल्या एका म्हाताऱ्या पेन्शनरांत आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते यायचे, पेन्शन घ्यायचे आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकावर घटकाभर टेकायचे. मोटरीची गोष्ट गावात पसरली होतीच. एकदा ते आपण होऊन म्हणाले की लहानपणी वडिलांबरोबर कोल्हापुरात त्यांनी एक मुका सिनेमा पाहिला होता, नाव 'सावकारी पाश'. गोष्ट त्यांना धड आठवत नव्हती. आठवत होते ते एवढेच की पडद्यावर एक खोपट होते, काळोख होता, आणि बाहेर एक कुत्रे मान वर करून रडत होते. चित्रपट मुका, म्हणजे कुत्र्याचा आवाज येणे शक्यच नव्हते. पण तो आवाज आपण ऐकला आहे याबद्दल त्यांची खात्री होती. साठ वर्षे तो त्यांच्या कानात होता.

पुढे चित्रपटाच्या इतिहासावरची पुस्तके हाताशी आली तेव्हा कळले की ते खोपट आणि ते कुत्रे म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ नव्हते. ज्यांनी ज्यांनी तो चित्रपट पाहून लिहून ठेवले आहे त्यांनाही तेच दृश्य आठवत होते. तेव्हापासून बाबूराव पेंटर हा माणूस माझ्या मागे लागला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातला. मेस्त्री हे आडनाव आणि तोच घरचा धंदा. वडील हुन्नरी कारागीर, लोखंड-लाकडापासून हस्तिदंतावरच्या कोरीवकामापर्यंत हात चालणारे. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. घरातच शिकले, आणि शिकले ते मुख्यतः आनंदराव या आपल्या चुलतभावाबरोबर. या दोघांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला सुरुवात केली. तो संगीत नाटकांचा भरभराटीचा काळ होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे पडदे प्रेक्षकांच्या टाळ्या घेत. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या मंडळींपासून गुजराती-पारशी कंपन्यांपर्यंत या भावांना मागणी होती आणि मेस्त्रींचे आडनाव बाजूला पडून पेंटर हेच आडनाव होऊन बसले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. पडद्यावर चित्र रंगवणाऱ्या या दोन भावांना पडद्यावर हलणारे चित्र दिसले आणि त्यांची झोप उडाली. त्यांनी चित्रपट दाखवण्याचे यंत्र मिळवले, सिनेमे दाखवून पैसा उभा करायचा खटाटोप केला आणि त्याच वेळी कॅमेरा आपणच बनवायचा असे ठरवले. विलायतेहून कॅमेरा मागवण्याइतके पैसे नव्हते, हे कारण खरेच. पण मला वाटते, मेस्त्रींच्या घरात जन्मलेल्या माणसाला एखादे यंत्र उघडून पाहिल्याशिवाय चैनच पडत नसावे. १९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा अर्धाच राहिला होता.

बाबूरावांनी तो पुरा केला. विष्णुपंत दामले हा त्यांचा यंत्रात डोके चालणारा तरुण शिष्य सोबतीला होता. लेथवर भाग कातून, ठोकून, घासून, पुन्हा मोडून १९१८ पर्यंत त्यांनी चालता कॅमेरा उभा केला. याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. भांडवल कोणी दिले? तानीबाई कागलकर या गायिकेने. मी पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासले. अर्जदार पडदे रंगवणारा, यंत्र घरी बनवलेले, धंदा असा की ज्यात देशात मोजक्याच माणसांनी पैसा घातला आहे, आणि तारण काही नाही. असा अर्ज माझ्यापुढे आला असता तर मी त्यावर काय शेरा मारला असता ते सांगायला नको. तानीबाईंना पत पारखता येत होती, मला नुसते कागद तपासता येत होते. शाहू महाराजांचाही आधार मिळाला. कोल्हापुरात त्या काळी मल्ल, गवई, चित्रकार यांच्या पाठीवर दरबाराचा हात असे, तसा या नव्या कलेवरही पडला.

पहिला चित्रपट 'सैरंध्री'. कीचकवधाची कथा. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारने बंदी घातलेली असताना तीच कथा पडद्यावर आणणे हे नुसते पौराणिक धाडस नव्हते. फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात तो लागला. लोकमान्यांनी तो पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांनी लोकमान्य गेले. कीचकाचे मुंडके उडवण्याचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की प्रेक्षक हादरले आणि ते काढून टाकावे लागले.

पण 'सैरंध्री'तली मोठी गोष्ट मुंडके नव्हे. त्यात स्त्रियांनी स्त्रियांची कामे केली. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी बाई मिळाली नाही, तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने उभी केली. बाबूरावांकडे गुलाबबाई आणि अनसूयाबाई आल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. यासाठी त्यांना आपल्या माणसांतून तुटावे लागले, बहिष्कार सोसावा लागला. आज चित्रपटातल्या नटीच्या लग्नाला वर्तमानपत्रात पहिले पान मिळते, तेव्हा या दोघींची मला आठवण होते. त्यांच्या अंगावर दगड पडले असतील किंवा नसतील, पण पाणवठ्यावर, देवळात, सोयऱ्यांच्या दारात काय झाले असेल ते आपल्याला अंदाजाने समजते. दिग्दर्शक कोणाच्या जिवावर चित्रपट करतो या प्रश्नाचे उत्तर केवळ भांडवल देणाऱ्याच्या नावाने पुरे होत नाही.

बाबूरावांची काम करण्याची रीत चित्रकाराची होती. प्रसंग घेण्याआधी ते त्याची रेखाटने करीत. कोण कुठे उभा राहील, पोशाख कसा असेल, कोणी कोणत्या बाजूने चालत येईल, सारे कागदावर आधी उतरे. रंगवलेल्या पडद्यांपुढे नाटकासारखे उभे राहून काम करण्याची पद्धत त्यांनी मोडली. ज्याने स्वतः आयुष्याचा उमेदीचा काळ पडदे रंगवण्यात घालवला त्यानेच पडदे फेकून देऊन खोली-उंची असलेले घडीव देखावे उभे केले, याचे मला नेहमी नवल वाटते. आपल्या हातची कला आपणच निकामी ठरवायला वेगळी छाती लागते. जाहिरातीची चित्रे ते स्वतः रंगवत. 'कल्याण खजिना' या १९२४ च्या चित्रपटाचे भित्तिचित्र आपल्याकडच्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांपैकी एक समजतात.

मुक्या चित्रपटात कॅमेरा फिरत असतानाच दिग्दर्शकाला नटाशी बोलता येई. आवाज टिपला जात नसल्याने हवे तेवढे ओरडून सांगायची सोय होती. साहजिकच नटाने मान केव्हा वळवायची, डोळे केव्हा मिटायचे हे बाहेरून ठरे. यात एक धोका असतो. नट नुसता हुकूम पाळणारा होतो. नाटकातून आलेला नट तर आणखीच अडचणीचा, कारण त्याला पंधराव्या रांगेपर्यंत पोचायची सवय आणि इथे कॅमेरा चार हातांवर. बाबूरावांनी यावर काढलेला उपाय मला पटतो. त्यांनी नटाकडून जास्त मागण्याऐवजी चौकटीकडून जास्त मागितले. उजेड कुठून पडतो, माणूस किती लहान दिसतो, त्याच्याभोवती रिकामी जागा किती आहे, यांनी अर्धा अभिनय होऊन जाई आणि नटाला उरलेला अर्धाच करावा लागे.

१९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी रात्रीची लढाई विजेच्या दिव्यांवर घेतली. तोवर आपल्याकडे सिनेमा म्हणजे सूर्यावर चालणारा धंदा होता. पांढरे कपडे आणि परावर्तक धरून ऊन नटांच्या तोंडावर फेकायचे, ढग आला की सगळ्यांनी बसून राहायचे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट मुंबईत एवढा चालला की त्याच्या रांगा पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगतात. सांगोवांगीची गोष्ट असेल, पण सरकारी खात्यांचा माझा अनुभव पाहता मला ती खोटी वाटत नाही.

या 'सिंहगड'मध्ये शेलारमामाचे काम करणारा तरुण होता शांताराम वणकुद्रे. बाबूराव पेंढारकर हे त्याचे मावसभाऊ कंपनीत होते, त्यांच्या ओळखीने तो १९२० च्या सुमारास आला. आला म्हणजे नट म्हणून नव्हे, पडेल ते काम करायला. झाडलोट, रसायनशाळा, सामानाची ने-आण, मग कधीतरी तोंडाला रंग. महाराष्ट्र फिल्म कंपनी हा स्टुडिओपेक्षा कारखाना होता, जुन्या अर्थाने. मेस्त्री मधे बसलेला, भोवती शिकाऊ पोरे. दामले यंत्रांत रमलेले, साहेबमामा म्हणजे एस. फत्तेलाल कुंचल्यात आणि देखाव्यांत, केशवराव धायबर कॅमेऱ्यामागे आणि कॅमेऱ्यापुढेही. कोणाला पदवी नाही, कोणाला करारपत्र नाही. पाहून शिकायचे. मेस्त्री सहसा समजावून सांगत नाही, तो करून दाखवतो आणि मग आपल्याच नादात पुढे जातो. ज्याला डोळे असतील त्याने उचलावे.

आणि मग १९२५ चा 'सावकारी पाश'. कथा नारायण हरी आपट्यांची. एका शेतकऱ्याची जमीन सावकार खोट्या कागदांनी गिळतो आणि तो तरुण शेतकरी शहराची वाट धरून गिरणीत मजूर होतो. शेतकरी झाला शांताराम. देव नाही, राजा नाही, तलवार नाही, चमत्कार नाही. आसपास सगळीकडे पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांचा पूर असताना हा माणूस कुळाच्या घरात कॅमेरा घेऊन शिरला.

हा विषय आकाशातून पडलेला नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीच्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे फोडली आणि खतपत्रे जाळली. ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकऱ्यांचा कायदा आला. कायदा आला तरी पन्नास वर्षांनी कागद तेच होते आणि अंगठेही तेच. बँकेच्या प्रशिक्षणात आम्हाला हा इतिहास शिकवला होता, आणि तो अशा सुरात की सावकाराचा काळ संपला, आता आपण आलो. मोटर जीपमध्ये चढवताना मला त्या सुराची लाज वाटली होती. आमचे कागद खोटे नव्हते, व्याज माफक होते, सही शेतकऱ्याने स्वतः केली होती. तरी त्या बाईच्या उंबऱ्यावरून पाहताना जीप आणि घोडा यांत तिला किती फरक दिसला असेल?

'सावकारी पाश' चालला नाही. देवादिकांना सरावलेल्या प्रेक्षकाला आपलेच दैन्य पैसे देऊन पाहायचे नव्हते. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले, कारण कारखान्यातल्या माणसांची पोटे होती. मात्र त्यांनी ही गोष्ट सोडली नाही. अकरा वर्षांनी, १९३६ साली, बोलपट म्हणून त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा केला. एकदा आपटी खाल्लेल्या विषयावर दुसऱ्यांदा पैसा आणि उमेद लावणारा दिग्दर्शक धंदेवाईकांच्या हिशेबात वेडाच. माझ्या हिशेबात हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम.

मधल्या काळात कारखाना फुटला होता. बाबूरावांचा हात संथ. मनासारखे झाल्याशिवाय ते पुढे सरकत नसत, आणि मनासारखे लवकर होत नसे. शिष्य आता पोरे राहिले नव्हते. शांतारामांनी १९२७ साली 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला होता, दामले-फत्तेलालांनी 'महारथी कर्ण' केला होता. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर या चौघांनी सीताराम कुलकर्णी या कोल्हापूरच्या सराफांना बरोबर घेऊन प्रभात फिल्म कंपनी काढली. एकाच सकाळी कारखान्याचे डोळे, हात, यंत्र आणि उमेद अशी बाहेर पडली.

चुकले कोणाचे? कोल्हापुरात या प्रश्नावर दोन तट आजही भेटतात. मला वाटते, मेस्त्रीच्या कारखान्यात एक गोष्ट मुळातच बसत नाही, ती म्हणजे भागीदारी. तिथे कामाचा आराखडा एकाच्या डोक्यात असतो. बाकीच्यांनी कितीही शिकले तरी तो आराखडा त्यांचा होत नाही. बाबूरावांनी शिष्यांना सारे दिले, एक निर्णय सोडून. चौघे बाहेर पडले ते तेवढ्यासाठीच. म्हणून तर प्रभातमध्ये पाच मालक समान झाले. आणि त्या समानतेचेही पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १९४२ साली शांताराम तिथूनही निघाले. पण मधल्या वर्षांत दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' झाला, जो १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातले ते साधे घर, तो पाट, ती शेणाने सारवलेली भुई पाहताना मला नेहमी वाटते की हे सारवण कोल्हापुरातच शिकलेले आहे. गुरूचा हात शिष्याच्या चित्रात असा गुपचूप येतो.

शिष्य गेले, बोलपट आला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी तिसाव्या दशकाच्या तोंडावरच मिटली. बाबूरावांना आवाजाचे फारसे प्रेम नव्हते. इतक्या कष्टाने डोळ्यांसाठी तयार केलेली भाषा बडबडीखाली बुडेल असे त्यांचे मत होते. कुत्र्याचे रडणे आवाजाशिवाय ऐकवणाऱ्या माणसाचे हे मत हट्टीपणाचे म्हणवत नाही. तरी त्यांनी बोलपट केले. १९३५ चा 'उषा', १९३७ चा 'प्रतिभा'. पण हळूहळू ते चित्रकलेकडे आणि शिल्पाकडे परतले.

१९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आला. माडगूळकरांचे लेखन, जयराम शिलेदार, हंसा वाडकर, वसंत देसाईंचे संगीत. महाराष्ट्रात तो तुफान चालला. त्याच्या दिग्दर्शनावर दोन नावे आहेत: बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. अठरा वर्षांपूर्वी कारखाना सोडून गेलेल्या शिष्याच्या राजकमल संस्थेत, शिष्याच्या नावाशेजारी गुरूचे नाव. याला कोणी परतफेड म्हणेल, कोणी उपकार. दोघांना प्रत्यक्षात ते सोपे गेले असेल असे मला वाटत नाही. निर्णय आता कोणाचा, हा जुना प्रश्न त्या चौकटीबाहेर उभा असणारच. तरी नावे दोन आहेत, एवढे पक्के.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. त्यांच्या मूकपटांपैकी पुरा असा एकही हाती नाही. 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे काही तुकडे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत. ती नायट्रेटची फिल्म पटकन पेटायची, नाही पेटली तर सडायची, आणि दोन्हींतून वाचली तर तिच्यावरची चांदी काढायला भंगारवाले टपलेले असायचे. १९२५ चा 'सावकारी पाश' यांपैकी कोणत्या वाटेने गेला, कोण जाणे. खोपट आणि कुत्रे आता फक्त ऐकणाऱ्यांच्या ऐकण्यात आहे. माझ्याकडे ते त्या पेन्शनरांकडून आले. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

निवृत्तीनंतर कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा खरी कॉर्नरला जाऊन कंपनीची आठवण म्हणून उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ पाहिला. रहदारी दाट, रिक्षा उभ्या, स्तंभाकडे मान वर करून पाहणारा मी एकटाच. एका रिक्षावाल्याने कुठे जायचंय म्हणून विचारले. इथेच आलोय म्हटल्यावर तो हसला आणि गाडी पुढे घेऊन गेला.

त्या मोटरीचे राहिले. १९९० च्या कर्जमाफीत ते खाते बसले आणि बंद झाले. मोटर त्याच्या कितीतरी आधी लिलावात गेली होती, निम्म्याहून कमी किमतीला. कोल्हापूरहून परतल्यावर मी तो प्रसंग चौथ्यांदा लिहायला घेतला. या वेळी बाईला उंबऱ्याशी उभे केले आणि तिच्याकडे पाहिलेच नाही. पाणी पिऊन ठेवलेला तांब्या, जीपची चाके फिरल्यावर उठलेली धूळ, आणि विहिरीवर मोटर होती तिथे सिमेंटच्या कट्ट्यात राहिलेले चार बोल्ट, एवढेच लिहिले. ते पान मी ठेवले आहे.